दुकानात कंडेन्सर, कॉलेजात कपॅसिटर

प्रश्न : वडिलांचं उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंख्याचा कंडेन्सर मी डोळे झाकून बदलतो. पण इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला सर्किट्सचाच विषय राहिला. कपॅसिटर, इंडक्टर, ते जे-ओमेगा काही डोक्यात शिरत नाही. डिप्लोमा सोडून कॉम्प्युटरचा कोर्स करू का? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : कॉम्प्युटरची आवड असेल तर खुशाल जा. पण तुझ्या पत्रात आवडीबद्दल एक ओळही नाही, आहे ती नुसती केटीची, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देण्याची भीती. म्हणून सोडू नकोस असंच मी म्हणेन.

दुकानातला कंडेन्सर आणि वहीतला कपॅसिटर या तुला दोन वेगळ्या वस्तू वाटतायत, घोळ तेवढाच आहे. गिऱ्हाईक पंखा घेऊन येतं, "नुसता हूं हूं करतोय, हातानं ढकलला की फिरतोय." तू २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकतोस आणि पंखा पळतो. का पळतो, हे कधी वडिलांना विचारलंस? सिंगल फेजवर एकट्या मेन वाइंडिंगचं चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमीजास्त होतं, गोल फिरत नाही. म्हणून तर पंखा ज्या बाजूला ढकलशील त्या बाजूला जातो. कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगचा करंट वेळेत पुढे काढतो. दोन करंटांत असं अंतर पडलं की क्षेत्र फिरायला लागतं. परीक्षेत 'लीडिंग करंट' म्हणून तुला हेच विचारलं होतं.

पुढे म्हणजे कशाच्या पुढे? घरची पाण्याची टाकी बघ. पाणी आधी येतं, पातळी मागून चढते. कपॅसिटरमध्ये करंट हे येणारं पाणी आणि व्होल्टेज ही पातळी. कॉइलचं, म्हणजे इंडक्टरचं, उलटं. गुऱ्हाळातल्या चरकाचं जड चाक आठव : जोर आधी लावायचा, वेग मागून येतो. इथं जोर म्हणजे व्होल्टेज, वेग म्हणजे करंट. आणि फिरतं चाक एकदम अडवायला गेलं तर दणका बसतो. जुन्या ट्यूबलाइटचा चोक याच दणक्यावर चालतो. स्टार्टर उघडतो, चोकमधला करंट एकदम तुटायला तयार नसतो, क्षणभर मोठं व्होल्टेज उसळतं आणि ट्यूब पेटते.

जे-ओमेगातला 'जे' ही या आधी-मागूनची, म्हणजे नव्वद अंशांची खूण. 'ओमेगा' हा फ्रीक्वेन्सीचा हिशेब. पन्नास हर्ट्झला तुझ्या त्या २.५ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरचा रिअॅक्टन्स, म्हणजे एसी करंटला होणारा अडथळा, साधारण १२७३ ओहम येतो. आधी कॅल्क्युलेटरवर काढ, मगच पुढचं वाच.

एक प्रयोगही सांगतो, खर्च चहा-वड्याएवढा. ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सिरीजमध्ये जोड. अंगावर पट्टी असते ती मायनसची बाजू, उलटा लावू नकोस. मीटर कपॅसिटरवर ठेव आणि घड्याळ बघ. दहाव्या सेकंदाला ५.७ व्होल्टच्या आसपास दिसेल, म्हणजे नवाच्या ६३ टक्के. या कपॅसिटरांची किंमत छापल्याप्रमाणे काटेकोर नसते, त्यामुळे थोडं मागेपुढे होणारच. पन्नास सेकंदांनी जवळजवळ भरलेला असेल. दर पाच सेकंदांचा आकडा वहीत मांडून ग्राफ काढ. 'टाइम कॉन्स्टंट'ची, म्हणजे ६३ टक्के भरायला लागणाऱ्या वेळेची, व्याख्या मग पाठ करावी लागणार नाही.

नोकरीचं म्हणशील तर लांब जायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत इंडक्शन फर्नेस आहेत. भट्टीभोवतीची पाण्यानं थंड ठेवलेली तांब्याची कॉइल म्हणजे इंडक्टर, तिच्या जोडीला कपॅसिटरची बँक. दोघांची जोडी ठरावीक फ्रीक्वेन्सीला जुळवून लोखंड वितळवायचं. बँकेतला एक कपॅसिटर गेला की ही जुळणी बिघडते. अशा वेळी नुसतं हात चालवणारा गडी पुरत नाही, हिशेब येणारा लागतो. तुला हात वडिलांनी दिलाय. डिप्लोमा पूर्ण झाला की थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनीअरिंगचा रस्ताही खुला राहतो.

आधी केटीचा फॉर्म भर. मग वडिलांच्या ओळखीनं एखाद्या फाउंड्रीच्या मेंटेनन्सवाल्यासोबत एक दिवस काढ. आत मात्र हात खिशात ठेव. भट्टी बंद असली तरी कपॅसिटर भरलेला असू शकतो, हे पंख्यावाल्याच्या पोराला मी काय सांगावं.