नळाला तार बांधून चॅम्पियन होता येतं का?

प्रश्न : सर, माझा मुलगा बारावीत आहे, वय सतरा. दोन वर्षांपासून बॉक्सिंग खेळतो. पंधरा दिवसांनी निवड चाचणी आहे आणि ‘खालच्या गटात उतरलास तर नक्की निघशील’ असं त्याला कोणीतरी सांगितलंय. त्यासाठी साडेतीन किलो उतरवायचे म्हणे. आठवडा झाला, अर्धी भाकरी खाऊन ताटावरून उठतो. संध्याकाळी रेनकोट घालून पार्क मैदानाला चकरा मारतो, तेही या एप्रिलच्या सोलापुरात. परवापासून पाणीसुद्धा घोट मोजून पितोय. रागावले तर मोबाइल पुढे करतो. जपानचा कोणी बॉक्सर फायटिंग हरादा, त्यानं पाणी पिऊ नये यासाठी त्याच्या जिममधले नळ तारेनं बांधून ठेवले होते, म्हणून तो जगज्जेता झाला. ह्याचे वडील लूमवर रात्रपाळीला असतात. ते म्हणतात, खेळाडूला असं करावंच लागतं. खरंच लागतं का?
– एक आई, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर : ताई, आधी रेनकोट काढून घ्या आणि त्याला पोटभर पाणी प्यायला लावा. बाकीचं त्यानंतर वाचा. जमलं तर हे पान त्याच्याच हातात द्या, कारण हरादाची गोष्ट त्यानं अर्धीच वाचली आहे आणि उरलेली अर्धी जास्त कामाची आहे.

नळांची गोष्ट जपानमध्ये बॉक्सिंग पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मासाहिको हरादाचा जन्म १९४३ चा, टोकियोतला. घरची परिस्थिती बेताची. पोरवयातच तो तांदळाच्या दुकानात कामाला लागला आणि तिथून सासाझाकी जिममध्ये जाऊ लागला. १० ऑक्टोबर १९६२ रोजी थायलंडच्या पोन किंगपेचशी त्याची फ्लायवेट ह्या हलक्या वजनगटाची जागतिक लढत झाली. ही संधीही दुसऱ्याच्या वाट्याची होती. आधी ठरलेला जपानी बॉक्सर अचानक निवृत्त झाला आणि एकोणीस वर्षांच्या ह्या पोराला उभं केलं. अकराव्या फेरीत त्यानं चॅम्पियनला कोपऱ्यात गाठलं आणि ठोशांचा असा मारा केला की किंगपेच तिथेच खाली बसला. तुमच्या मुलाच्या मनात हे दृश्य घर करून बसलं असणार. माझ्याही बसलं होतं.

पण त्यानंतर काय झालं ते बघा. पुढच्या जानेवारीत बँकॉकला परतीची लढत झाली आणि हरादा गुणांवर हरला. किताब तीन महिने टिकला. वाढत्या वयाच्या पोराचं अंग ५०.८ किलोत कोंबायचं म्हणून जे हाल झाले, त्यांची कमाई एवढीच.

मग तो वरच्या गटात गेला. बँटमवेट, ५३.५ किलो. त्या काळी ह्या दोन गटांच्या मधे दुसरा गट नव्हता, त्यामुळे पावणेतीन किलोंची एकदम उडी. तिथेही त्याला सगळं आयतं मिळालं नाही. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये मेक्सिकोच्या होसे मेडेलनं त्याला सहाव्या फेरीत थांबवलं. तरी तो त्याच गटात राहिला, त्या वजनाला साजेसं अंग कमावत गेला आणि १८ मे १९६५ रोजी नागोयात ब्राझीलच्या एडर जोफ्रेसमोर उभा राहिला. जोफ्रे म्हणजे कोण? पन्नास लढती, सत्तेचाळीस विजय, तीन बरोबरीत, हार माहीतच नाही. आजही जाणकार त्याला बँटमवेटमधला सर्वांत थोर बॉक्सर मानतात. पंधरा फेऱ्या हरादा त्याच्या अंगावर चालून जात राहिला आणि निकाल हरादाच्या बाजूनं लागला. पुढच्या वर्षी ३१ मेला टोकियोत त्यानं जोफ्रेला पुन्हा हरवलं. ती लढत जपानमध्ये ६३.७ टक्के घरांतल्या टीव्हीवर लागली होती. जोफ्रे उभ्या कारकिर्दीत दोनदाच हरला, दोन्ही वेळा हरादाकडून. आणि ज्या मेडेलनं हरादाला पाडलं होतं, त्यालाही त्यानं १९६७ च्या जानेवारीत किताब राखताना हरवलं.

बँटमचा किताब त्याच्याकडे मे १९६५ पासून फेब्रुवारी १९६८ पर्यंत होता. खालच्या गटात तीन महिने, वरच्या गटात पावणेतीन वर्षं. हे दोन आकडे मुलाला वहीत लिहायला सांगा.

वरच्या गटातही त्याला वजनाशी झगडावं लागतच होतं, हे लपवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या लायनेल रोझकडून बँटमचा किताब गेल्यावर तो आणखी वर, फेदरवेटला गेला. जुलै १९६९ मध्ये सिडनीत जॉनी फॅमेशॉनला त्यानं तीनदा खाली पाडलं. पंच विली पेप यांनी आधी लढत बरोबरीत दिली, मग गुणपत्रिका पुन्हा तपासून एका गुणानं फॅमेशॉनला विजयी ठरवलं. आजही ह्या निकालाबद्दल वाचताना मला चीड येते. जानेवारी १९७० मध्ये टोकियोत तो फॅमेशॉनकडून पुन्हा हरला आणि निवृत्त झाला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. बासष्ट लढती, पंचावन्न विजय, आणि सव्विसाव्या वर्षी सगळं आटोपलेलं. शरीर किती झिजलं असेल ते ह्यावरून ओळखा.

आता तुमच्या घरातलं बोलू. मी सोलापुरातच पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना शिकवतो. पूर्व भागातली पोरं जास्त, कुणाचे आईवडील लूमवर, कुणाची आई विड्या वळते. वजन मारायची ही पद्धत आपल्याकडे तालमीतून आली आणि बॉक्सिंगच्या पोरांनी तशीच उचलली. काट्यावर बसला की जिंकला, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ओठ फाटलेला, डोळे आत गेलेला मुलगा सकाळी काट्यावर पास होतो आणि दुपारी दुसऱ्या फेरीत त्याचे हात वर राहत नाहीत. असे सामने मी रिंगच्या कोपऱ्यातून पाहिले आहेत. आपल्या हौशी बॉक्सिंगमध्ये वजन लढतीच्या दिवशीच सकाळी होतं. गेलेलं पाणी त्या चार-सहा तासांत भरून येत नाही. शिवाय स्पर्धेत पुढे गेला तर ज्या दिवशी लढत, त्या दिवशी पुन्हा काट्यावर चढायचं. म्हणजे जिंकला तरी पाणी नाहीच.

आणि रेनकोट. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान सहा आठवड्यांच्या आत मेले. तिघेही वजन उतरवत होते, गरम खोलीत, घाम निघावा म्हणून रबरी किंवा प्लास्टिकचे कपडे घालून व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे कपडे आणि वाफेच्या खोल्या बंद केल्या. आपल्याकडे एप्रिलमध्ये सोलापूरच वाफेची खोली असतं, ताई. घाम अंगावरून उडून गेला तरच अंग थंड होतं. रेनकोटमध्ये तो उडत नाही आणि आतली उष्णता चढत जाते.

डोक्याचा प्रश्न वेगळाच. पाणी कमी झालेल्या अंगाला ठोसा लागला तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, असं अनेक डॉक्टर मानतात. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत एकाच संध्याकाळी लढलेले दोन तरुण बॉक्सर मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. त्यानंतर खुद्द जपानमध्ये झटपट वजन उतरवण्याच्या सवयीवर जोरात चर्चा सुरू झाली आणि तिथल्या एका किताबाच्या लढती बारावरून दहा फेऱ्यांवर आणल्या. हरादाच्या देशानं नळाची गोष्ट मागे टाकायला घेतली आहे.

तर करायचं काय? पंधरा दिवसांत साडेतीन किलो उतरवायचे म्हणजे बरंचसं पाणीच काढावं लागणार. ते करायचं नाही. ह्या चाचणीत त्याला आहे त्या वजनात खेळू द्या. हरला तर हरला. पुढच्या मोसमासाठी खालच्या गटात जायचंच असेल तर आठवड्याला अर्धा किलो, तेही अंगावर चरबी असेल तरच. सतरा वर्षांच्या सडपातळ मुलाच्या अंगावर ती असते कुठे? ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी, ताक चालू ठेवा. वडापाव, भजी आणि कोल्ड्रिंक बंद करा. पळायचं ते पहाटे, सुती कपड्यात. लघवी गडद पिवळी झाली, पायात गोळे आले की थांबवा आणि ओआरएस द्या. चक्कर आली, बोलताना शब्द अडखळू लागले किंवा अंग तापलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या अर्जावर पालकाची सही घेतात. वजनगटाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचूनच सही करा. आणि त्याच्या वडिलांनाही हे पान दाखवा. खेळासाठी सोसावं लागतं हे त्यांचं म्हणणं मला मान्यच आहे. रोज पहाटे उठणं, हजार वेळा तोच जॅब मारणं, नाक फुटल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा येणं, हे सगळं सोसणंच आहे. मुलाला ते करू द्या.

प्रश्न : हरादा मोठा की जपानचाच आताचा बॉक्सर नाओया इनोउए? आमच्या ग्रुपमध्ये रोज वाद होतो.
– एक कॉलेज विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : माझं मत इनोउएच्या बाजूनं. हरादानं दोन गटांत किताब घेतला, इनोउएनं चार गटांत. त्यातल्या बँटम आणि सुपर बँटम ह्या दोन्ही गटांत त्यानं बॉक्सिंगच्या चारही जागतिक संघटनांचे पट्टे एकत्र केले, डिसेंबर २०२२ मध्ये आणि मग डिसेंबर २०२३ मध्ये. पण जोफ्रेला दोनदा हरवण्याची तोड मला इनोउएच्या यादीत सापडत नाही, तेव्हा वाद चालू ठेवायला हरकत नाही.

वर ताईंना जे सांगितलं, ते इनोउएलाही लागू आहे. एप्रिल २०१४ मध्ये सहाव्याच लढतीत तो लाइट फ्लायवेटचा, म्हणजे ४९ किलोच्या आतला, जगज्जेता झाला. पण वजन उतरवून आल्यामुळे त्या लढतीत त्याच्या पायात गोळे आले होते. त्यानं त्या गटात एकदाच किताब राखला, फ्लायवेट हा मधला गट सोडूनच दिला आणि डिसेंबरमध्ये ५२.१ किलोच्या गटात जाऊन अर्जेंटिनाच्या ओमर नार्वाएसला चार वेळा पाडून दुसऱ्या फेरीत संपवलं. नार्वाएस त्याआधी एकदाही खाली पडला नव्हता.

एकच लढत बघणार असशील तर नोव्हेंबर २०१९ ची, सायतामामधली, नोनितो डोनेअरविरुद्धची बघ. दुसऱ्या फेरीत डोनेअरचा डावा हुक इनोउएच्या उजव्या डोळ्यावर बसला आणि डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. पुढच्या दहा फेऱ्या तो दोन-दोन प्रतिमा दिसत असताना लढला. अकराव्या फेरीत पोटात बसलेल्या ठोशानं डोनेअर गुडघ्यावर आला, तो ठोसा परत परत मागे घेऊन बघ.