बारीक असूनही साखर काठावर आली, आता ताटात काय बदलू?

तुम्ही लिहिलंय: वय ३४, अंगाने बारीक, पूर्ण शाकाहारी, आईला मधुमेह, आणि आता तुमचा एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.० आलाय, म्हणजे मधुमेहाच्या काठावर. चहातली साखर आणि गोडधोड बंद केलंत. एवढं पुरे का?

नाही. साखर सोडलीत ते उत्तमच, पण तुमचा दिवस बघा: सकाळी पोहे, डब्यात चार चपात्या आणि बहुतेकदा बटाटा, संध्याकाळी खारी, रात्री वरणभात. या सगळ्या पिष्टाचं पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं. त्यापुढे चहातली दोन चमचे साखर फार किरकोळ आहे. आहारसल्ल्याच्या माझ्या कामात मला हे जवळजवळ रोज दिसतं. माणसं साखरेशी झगडत राहतात आणि धान्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

बारीक माणसाला हे का व्हावं, याचं उत्तर पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपल्याकडे अनेकांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटात. जेवणानंतरची साखर प्रामुख्याने स्नायूच उचलतात. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, कमरेचा घेर मोजा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्यातून ४५ टक्क्यांहून जास्त येऊ नयेत. प्रत्यक्षात आपल्याकडे ते ५० ते ७० टक्के येतात, आणि डाळी-कडधान्यांचा वाटा अगदीच तुटपुंजा राहतो. आपलं वरण हे भात भिजवण्यापुरतं असतं. ते उलटं करा. वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ हे मुख्य जेवण, भात त्याच्या बाजूला थोडा. चार चपात्यांच्या दोन करा. बटाट्याला भाजीत धरू नका. पोहे खायचेच असतील तर निम्मे घ्या, सोबत मोड आलेलं कडधान्य किंवा वाटीभर दही. पिठलं, मुगाची धिरडी, पालेभाजीची डाळ घालून केलेली गरगटी भाजी, हे सगळं आपल्याच घरातलं आहे, त्यासाठी महागडं काही आणायला नको. ज्वारीची भाकरी चांगली, पण चांगली म्हणून तीन खाल्ल्या तर उपयोग नाही. आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी कृपा करून थांबवा. तो जवळपास निव्वळ स्टार्च आहे. भगर थोडी आणि दाण्याची आमटी जास्त, असं चालेल.

जेवताना आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ, शेवटी भात, असा क्रम ठेवलात तर जेवणानंतरची साखर कमी चढते.

याने मधुमेह खरंच टळतो का? चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये तुमच्यासारख्याच काठावरच्या ५७७ जणांवर अभ्यास सुरू झाला. नुसत्या आहारबदलानेही सहा वर्षांत मधुमेहाचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी घटला. ३० वर्षांनी पाहिलं तेव्हा आहार किंवा व्यायाम बदललेल्या गटांत मधुमेह सरासरी चारेक वर्षं उशिरा आला होता, हृदयविकार आणि पक्षाघातही कमी होते. म्हणजे कायमचा टळेलच असं मी सांगणार नाही. पण चाळिशीच्या उंबरठ्यावर मिळालेली चार वर्षं डोळ्यांसाठी, मूत्रपिंडांसाठी फार मोलाची आहेत. चेन्नईतल्या अभ्यासातही आहार आणि रोजचं चालणं यांनी असाच फरक पडला होता, तेव्हा रात्री जेवल्यावर लगेच बसू नका, थोडं चाला.

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे तीन महिन्यांनी तो पुन्हा तपासा. त्याच वेळी बी-१२ ही बघून घ्या. शाकाहारी माणसांत ते बरेचदा कमी निघतं, आणि रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता असेल तर एचबीएवनसीचा आकडाही फसवा येऊ शकतो. तसं निघालं तर उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर तपासायला डॉक्टरांना सांगा.