भविष्याविषयी विचारावे कसे?

प्रश्न : मी सांगलीत समुपदेशक आहे. तासगाव तालुक्यातील एक तरुण माझ्याकडे येतो. राज्यसेवा परीक्षेत वारंवार अपयश आल्याने तो खचला आहे, आणि त्याने आता घरची द्राक्षबाग सांभाळावी असे वडिलांना वाटते. ‘पाच वर्षांनी तू कुठे असशील?’ असे विचारले की ‘काहीच सुचत नाही, मॅडम’ एवढेच तो म्हणतो. ध्येय मीच सुचवावे का? (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)
– एक वाचक, सांगली

उत्तर : सुचवू नये. तुम्ही सांगितलेले ध्येय तो तुमचा मान राखून मान्य करील आणि वडिलांच्या अपेक्षेत आणखी एका अपेक्षेची भर पडेल.

मात्र आधी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. ‘काहीच सुचत नाही’ याचा अर्थ ‘पुढे काही उरलेलेच नाही’ असाही असू शकतो, आणि अशा निराशेचा आत्महत्येच्या विचारांशी जवळचा संबंध असतो, हे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. तेव्हा जगणे नकोसे वाटते का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आल्यास ध्येयांची चर्चा बाजूला ठेवून त्याला लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा चोवीस तास चालणारा निःशुल्क क्रमांकही द्यावा.

तसा धोका नसेल, तर पाच वर्षांचा प्रश्न सोडून द्या. तो मुलाखतीतला प्रश्न आहे, आणि परीक्षांनी दमलेल्या मुलाला तो पुन्हा परीक्षेलाच बसवतो. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी अमेरिकेतील मिल्वॉकी येथे विकसित केलेल्या उपायकेंद्री उपचारपद्धतीतला चमत्काराचा प्रश्न इथे अधिक उपयोगी पडेल. तो सावकाश विचारावा : ‘समज, आज रात्री तू झोपेत असताना चमत्कार झाला आणि ज्या त्रासासाठी तू इथे येतोस तो नाहीसा झाला, पण झोपेत असल्यामुळे तुला ते ठाऊक नाही. सकाळी उठल्यावर ते कशावरून तुझ्या लक्षात येईल?’ पहिले उत्तर बहुधा ‘मी पास झालेलो असेन’ असे येईल. तिथे थांबू नका. मग किती वाजता उठशील, चहा कुणाबरोबर घेशील, आईला तुझ्यात काय वेगळे दिसेल, असे विचारत राहा. ‘मित्राचा फोन आला तर उचलेन’, ‘बाबांबरोबर बागेत जाईन, पण निकालाचा विषय निघणार नाही’ अशी वाक्ये येऊ लागली की ती त्याच्याच शब्दांत टिपून घ्या. पद आणि पगार यांपेक्षा पुढे कामाला येणारा ऐवज हाच असतो.

त्यानंतर 0 म्हणजे त्रास सर्वाधिक असतानाची अवस्था आणि 10 म्हणजे चमत्कारानंतरची ती सकाळ, अशा पट्टीवर तो आज कुठे आहे, ते विचारावे. त्याने 3 म्हटले, तर ‘7 का नाही’ असे न विचारता ‘0 का नाही’ असे विचारा, कारण त्याचे शिल्लक बळ त्या उत्तरात सापडते. 4 वर आल्याचे कशावरून कळेल, हेही विचारा. मुदत त्याच्या घरच्या कालगणनेतली असावी. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतचे काही महिने त्याला डोळ्यांसमोर आणता येतात. पाच वर्षे येत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांच्या मांडणीनुसार आशेत ध्येयाबरोबरच तिथवर जाण्याचे मार्ग आणि त्या मार्गाने आपण जाऊ शकू हा विश्वास यांचाही समावेश होतो. परीक्षेतून त्याला नेमके काय हवे होते – गावात मान, घराला स्थिर मिळकत, की लोकांची अडलेली कामे मार्गी लावणे – हे उलगडले, तर त्याच हेतूकडे जाणारे दुसरे मार्ग त्याला स्वतःला शोधता येतील. त्यांत बाग असेल किंवा नसेल.

वडिलांना भेटीला बोलावण्याची घाई मात्र करू नका. त्याची संमती असेल तरच, आणि त्यांच्यापुढे काय बोलायचे व काय नाही हे त्याच्याशी आधी ठरवूनच, त्यांना बोलवावे.