पेन कुणाच्या हातात आहे?

प्रश्न : बाई, माझी मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. सहामाहीत बीजगणितात ४० पैकी ११ पडले, भूमितीत २६. राजारामपुरीत क्लासला जाते, तिथं एका बॅचला ६० मुलं. "कळतंय का?" विचारलं की "होय" म्हणते. शेजारणी म्हणतात, एकटीला शिकवणारे सर लावा. परवडेल का? आणि सर चांगले आहेत हे आम्ही दहावी शिकलेल्यांनी कसं ओळखायचं?
एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, भूमितीत २६ मिळवणारी मुलगी गणितात कच्ची नाही. तिचं कुठंतरी एकच काहीतरी अडलंय, आणि ते बहुधा नववीतलं नाही.

मंगळवार पेठेत माझ्याकडं अशीच एक पोरगी यायची. प्रत्येक समीकरण चुकायचं. तिला म्हटलं, सोडवताना तोंडानं बोल. १० − (क्ष − ४) आलं आणि ती म्हणाली, "दहा वजा क्ष वजा चार." कंसाबाहेर वजा असलं की कंस सोडवताना आतलं प्रत्येक चिन्ह बदलतं, एवढंच सातवीत निसटलं होतं. दोन वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण वहीत फळ्यावरचं बरोबर उत्तर उतरवलेलं असायचं. मग चार दिवस आम्ही नुसते कंस सोडवले. ६० मुलांच्या तासात एकेकाच्या वाट्याला एक मिनिट येतं, ताई. तेवढ्यात "होय"च म्हणता येतं.

बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ साली मांडलं होतं की शिक्षकानं एकेकट्याला शिकवलेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढं गेलं. पुढच्या अभ्यासांत फरक एवढा मोठा दिसला नाही, पण फायदा दिसला. ब्लूम यांच्या अभ्यासातल्या त्या मुलांना आधीचा पाठ पक्का झाल्याशिवाय पुढचा शिकवत नव्हते, हे मला आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं.

सरांची पदवी विचारा, पण तेवढ्यावर ठरवू नका. पहिल्या दिवशी भाजी निवडत त्याच खोलीत बसा. पेन कुणाच्या हातात आहे ते बघा. सर सोडवतायत आणि ती बघतीय, तर तो लहानसा क्लासच झाला. ती चुकल्यावर "असं नाही, असं" म्हणतात, की "हे कसं आणलंस?" विचारून ती बोलेपर्यंत थांबतात? थांबणारे धरा. "महिन्यात पोर्शन संपवतो" म्हणणाऱ्यांना चहा देऊन निरोप द्या.

रोज शिकवणी नको. आठवड्याला दोन तास, दोन महिने करून बघा. फी महिन्याची द्या, वर्षाची आगाऊ नको. शिवाजी विद्यापीठात गणितात एम.एस्सी. करणारी एखादी मुलगी मिळाली तर खर्चही कमी होईल, आणि तुमची लेक तिच्यापुढं चुकायला भिणार नाही.

आज रात्री एवढं करा. सहामाहीच्या पेपरातलं चुकलेलं एक गणित तिला मोठ्यानं सोडवायला सांगा. मध्ये बोलू नका. अडखळेल तिथं पेन्सिलीनं खूण करा, आणि जे कुणी शिकवायला येतील त्यांच्या हातात आधी तो कागद द्या.