मुलांच्या स्वयंपाकवर्गाच्या पहिल्या दिवसाआधी एवढं कराच

शाळा सुटल्यावर मुलं येतात ती भुकेली आणि दमलेली. म्हणून पहिली दहा मिनिटं शिकवूच नका. पाणी द्या, एखादं फळ द्या, मग साबणाने 20 सेकंद हात धुवायला लावा. हे मी उशिरा शिकले. आधी मुलं भिजवलेलं कच्चं पीठच तोंडात टाकायची, आणि कच्च्या पिठातही जंतू असू शकतात.

ॲलर्जीचं नावनोंदणीलाच लिहून घ्या. शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, तीळ, एकेक नाव घेऊन विचारा. नुसतं ‘काही ॲलर्जी आहे का?’ म्हटलं की बरेच पालक ‘नाही’ म्हणून मोकळे होतात.

सुरीची भीती तुम्हाला वाटेल, मुलांना नाही. लहानग्यांना केळ्यासारखं मऊ काहीतरी आणि बिनधारेची सुरी पुरते. मोठ्यांना मात्र बोथट सुरी देऊ नका. जोर लावला की ती घसरते. बोटांची टोकं आत वळवून धरायची, हे रोज, अगदी रोज सांगावं लागतं. चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं घाला, पाट हलत नाही. गॅसपाशी एका वेळी एकच मूल, शेजारी तुम्ही स्वतः. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं, बर्फ नको.

एकटीने आठांपेक्षा जास्त मुलं घेऊ नका. मी एकदा बारा घेतली होती, आणि कोपऱ्यातल्या दोघांकडे तासभर माझं लक्षच गेलं नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

कुणाचं मीठ जास्त पडलं तर लगेच सावरायला धावू नका. चाखू दे त्याला. आता काय करायचं, हे आधी त्यालाच विचारा.