प्रश्न: बडोद्यात उद्योगाला पोषक वातावरण आहे म्हणतात. विद्यार्थ्याला त्याचा उपयोग नेमका कसा करता येईल?

उत्तर: पाया जुना आहे. महाराज सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. 1907 च्या अलेंबिक या औषध-रसायन कंपनीमागे तेच गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन. पुढच्याच वर्षी बँक ऑफ बडोदा. म्हणजे शिक्षण, कारखाना आणि भांडवल एकाच गावात. सूत्र अजूनही तेच आहे.

आता कामाचं. कलाभवनातली सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी असो की दुसरं कॉलेज, आधी तिथल्या एसएसआयपी समन्वयकाला गाठा. गुजरात सरकारच्या या विद्यार्थी स्टार्टअप धोरणातून नमुना बनवायला अनुदान मिळतं. पण अर्जाआधी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या दहा-बारा कारखान्यांत जाऊन विचारा: माल कुठे अडतो, भंगार किती निघतं, त्यासाठी पैसे मोजाल का? बहुतेक जण हीच पायरी गाळतात. मग नमुना तयार आणि गिऱ्हाईक नाही!

दुसरी चूक पेटंटची. प्रदर्शनात किंवा शोधनिबंधात कल्पना उघड केली की पेटंटला लागणारं नावीन्य गेलं, असंच धरून चाला. कायद्यात थोड्या सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता पेटंट अर्ज भरा (व्यक्तीला ऑनलाइन शुल्क 1600 रुपये) आणि 12 महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्या. नाहीतर अर्ज सोडून दिला असं मानतात. विद्यापीठाची यंत्रं वापरली असतील तर मालकी कोणाची, हे त्याआधीच लेखी ठरवा. भागीदार मित्र असला तरी त्याच्याशीसुद्धा.