चाळीस सह्या

पोरी,

परवा फोनवर रडलीस ते बरं झालं. आमच्या वेळी ते बाथरूममध्ये नळ सोडून उरकावं लागायचं.

जानेवारीत डोनरची, म्हणजे तुझ्या संस्थेला पैसा देणाऱ्या कंपनीची माणसं येणार, बचत गटाच्या बैठकीत ४० बाया दिसायला हव्यात, आणि तुझं अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. मागे राहिलीत म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. कोऑर्डिनेटर म्हणतो, शेजारच्या गावातून बाया आण. गावातली आजी म्हणते, तुझी मीटिंग राहू दे, आधी पोरांच्या हंगामी वसतिगृहाचं बघ.

कोऑर्डिनेटरवर फार चिडू नकोस. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजकार्यावर खर्चावे लागतात. हिशेब ३१ मार्चला. पैसा उरला तर २०२१ पासून तो वेगळ्या खात्यात नाहीतर सरकारी निधीत भरावा लागतो. म्हणून कंपनीचा साहेब घायकुतीला येतो, कोऑर्डिनेटरला फोन करतो, आणि तो तुला. आपल्या बायांचं वर्ष मात्र दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी दारात आली की सुरू होतं. त्याला कुठला मार्च एण्ड?

मीही एकदा हजेरीपट भरला होता. ४० सह्या, दोन पेनं बदलून, अंगठेसुद्धा माझेच. कुणी पकडलं नाही. पुढच्या वर्षी ‘हंगामातही उत्तम प्रतिसाद’ म्हणून टार्गेट ६० झालं, आणि मागे राहिलेल्या पोरांच्या जेवणासाठी मागितलेले पैसे कापले गेले. कागदावर त्यांच्या आया गावातच होत्या ना!

तेव्हा ११ आल्या तर ११च लिही. बाकीच्यांच्या नावापुढे कुठल्या कारखान्यावर गेली, कधी गेली, पोरं कुणाजवळ, एवढं टिपून ठेव. पाहुण्यांना समाजमंदिरात सतरंजीवर बसवू नकोस, कुलपं लागलेल्या गल्लीतून चालत ने. आजीच्या ओट्यावर चहा पाज. आणि बैठकांचं टार्गेट मे ते सप्टेंबरवर हलवून लेखी माग. प्रोजेक्ट जाणारच नाही असं नाही. माझा एक गेलाय.

हो, तीन महिन्यांचा पगार थकलाय, ते तू मध्येच हसत सांगून टाकलंस. तेही लेखी माग. समाजसेवा करणारीला किराणावाला उधारी देत नाही.

पत्राचा मसुदा पाठव, रविवारी बघते.

तुझी ताई